मानेच्या मणक्यांची प्रतिमा-मार्गदर्शित अल्पछेदी शस्त्रक्रिया

मानेच्या मणक्यांचा अस्थिभंग झाला असता अथवा त्यांचे सांधे निखळले असता, लहान छेदातून, स्नायूंना कमीत कमी इजा करून आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच मिळणाऱ्या क्ष-किरण वा संगणकीय प्रतिमांच्या आधारे जी शस्त्रक्रिया केली जाते, तिला मानेच्या मणक्यांची प्रतिमा-मार्गदर्शित अल्पछेदी शस्त्रक्रिया असे म्हणतात. मेरुरज्जूवरील दाब दूर करणे, सरकलेले मणके मूळ जागी आणणे आणि ते तेथे स्थिर ठेवणे ही मणक्यांच्या दुखापतींवरील सर्वच शस्त्रक्रियांची तीन उद्दिष्टे होत. अल्पछेदी शस्त्रक्रियेची उद्दिष्टेही हीच असतात. बदलतो तो केवळ तेथवर पोहोचण्याचा मार्ग. त्यामुळे छेद लहान असला तरी शस्त्रक्रिया लहान ठरत नाही. मेरुरज्जूची आधीच झालेली हानी ही शस्त्रक्रिया भरून काढू शकत नाही. पुढील हानी टाळणे व उरलेल्या मज्जातंतूंना सावरण्याची संधी देणे एवढेच तिच्या हाती असते.

मानेच्या कण्याची रचना

मानेत ७ मणके असतात. त्यांतील पहिल्या दोहोंची घडण इतरांपेक्षा वेगळी असते. पहिला मणका, ॲटलास, हा कड्यासारखा असून त्यावर कवटी टेकलेली असते. दुसऱ्या मणक्याच्या, म्हणजे ॲक्सिसच्या, वरच्या बाजूस दातासारखा एक उंचवटा असतो. त्यास दंताभ प्रवर्ध म्हणतात. हा प्रवर्ध ॲटलासच्या कड्यात पुढील बाजूस बसतो व एक बळकट आडवा अस्थिबंध त्यास मागून धरून ठेवतो. मान डावीकडे-उजवीकडे वळविण्याच्या हालचालीपैकी सुमारे निम्मी हालचाल या एकाच जोडणीत होते. ही जोडणी कायमची जखडली तर मान वळविण्याची क्षमता निम्म्याने घटते. म्हणून येथील शस्त्रक्रियेत हालचाल राखता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ॲटलासच्या पातळीवर कड्याच्या पोकळीचा साधारण एक तृतीयांश भाग दंताभ प्रवर्धाने, एक तृतीयांश मेरुरज्जूने व्यापलेला असतो आणि एक तृतीयांश भाग मोकळा असतो. या मोकळ्या जागेमुळे वरच्या मणक्यांचा अस्थिभंग होऊनही पुष्कळ रुग्णांचे हातपाय शाबूत राहतात. खालच्या मणक्यांमध्ये अशी सवड कमी असल्याने तेथे मणका थोडा सरकला तरी मेरुरज्जू चेपला जाऊ शकतो.

मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या दोन्ही व्हर्टिब्रल धमन्या सामान्यतः सहाव्या मणक्यापासून वर, मणक्यांच्या बाजूंच्या छिद्रांतून जातात. श्वासपटलाला चालना देणारा मज्जातंतू तिसऱ्या ते पाचव्या ग्रीवा मज्जामुळांपासून निघतो. म्हणून या पातळीच्या वर मेरुरज्जूला पूर्ण इजा झाल्यास श्वासोच्छ्वास थांबण्याचा धोका असतो. मानेत बसविलेला स्क्रू मेरुरज्जू, मज्जामुळे व धमनी यांच्यापासून काही मिलिमीटर अंतरावरून जातो. प्रतिमांच्या मार्गदर्शनाची गरज मुख्यतः या जवळीकतेतून निर्माण झाली आहे.

दुखापतीची कारणे व प्रकार

रस्त्यावरील अपघात आणि उंचावरून पडणे ही मानेच्या दुखापतीची प्रमुख कारणे होत. ग्रामीण भागात झाडावरून, छपरावरून अथवा विहिरीत पडणे, उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणे, तसेच महाराष्ट्रात दहीहंडीच्या मनोऱ्यावरून कोसळणे यांमुळेही अशा दुखापती होतात. वृद्धांमध्ये मात्र घरातल्या घरात पाय घसरून पडणेही पुरेसे ठरते.

प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

१. ॲटलासच्या कड्याचा अस्थिभंग : डोक्यावर सरळ आघात झाल्यास हे कडे अनेक ठिकाणी फुटते. ब्रिटिश शल्यचिकित्सक जेफ्री जेफरसन यांनी १९२० मध्ये याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

२. दंताभ प्रवर्धाचा अस्थिभंग : अँडरसन व डी'अलोन्झो यांनी १९७४ मध्ये याचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात प्रवर्धाचे टोक, दुसऱ्यात त्याचा पाया व तिसऱ्यात ॲक्सिसचा मुख्य भाग मोडतो. दुसरा प्रकार सांधण्यास सर्वांत कठीण असतो.

३. ॲक्सिसच्या दोन्ही बाजूंच्या अस्थिसेतूंचा भंग : फाशी दिलेल्या व्यक्तींमध्ये प्रथम अभ्यासला गेल्यामुळे यास हँगमन अस्थिभंग असे नाव पडले. आज तो प्रामुख्याने वाहन-अपघातांत आढळतो.

४. तिसऱ्या ते सातव्या मणक्यांच्या दुखापती : यांत मणका चेपला जाणे, फुटणे, मागील जोडसांधे निखळणे व अस्थिबंध तुटणे यांचा समावेश होतो.

५. मध्यवर्ती मेरुरज्जूची इजा : वार्धक्याने मानेतील पोकळी आधीच अरुंद झालेली असताना मान एकदम मागे झुकल्यास, हाड न मोडताही मेरुरज्जूला इजा होते. अशा रुग्णाचे हात पायांपेक्षा अधिक दुर्बल होतात.

प्रथमोपचार व निदान

जखमी व्यक्तीस उचलताना मान वाकू अथवा वळू न देणे हा पहिला उपचार होय. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून रुग्णास लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे एकसंध वळवावे आणि फळीवर घ्यावे, असा नियम आहे. दोघांनी काखेत व पायांना धरून रुग्णास गाडीत घालणे धोक्याचे असते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या मानेची चित्रे काढण्याची गरज आहे की नाही, हे ठरविण्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेले नेक्सस निकष वापरले जातात. मानेच्या मध्यरेषेवर दुखरेपणा नसणे, नशा नसणे, सावधपणा पूर्ण असणे, मज्जासंस्थेचा दोष नसणे आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक जखम नसणे हे ते पाच निकष होत. पाचही पूर्ण झाल्यास चित्रांची आवश्यकता राहत नाही.

सीटी स्कॅनमध्ये हाडाचा भंग स्पष्ट दिसतो, तर एमआरआयमध्ये मेरुरज्जू, मणक्यांमधील गादी व अस्थिबंध यांची स्थिती कळते. धमनीला इजा झाल्याची शंका असल्यास रक्तवाहिन्यांचे स्वतंत्र चित्रण करतात. मज्जासंस्थेच्या हानीची प्रतवारी 'ए' ते 'ई' अशा पाच श्रेणींत केली जाते. 'ए' म्हणजे इजेखाली संवेदना व हालचाल यांचा संपूर्ण लोप, तर 'ई' म्हणजे दोन्ही सामान्य असणे.

इतिहास

मानेच्या मोडलेल्या मणक्यांना तारेने बांधण्याचा प्रयोग अमेरिकेतील टेक्सास राज्यात बर्थोल्ड हाड्रा यांनी १८९१ मध्ये केला. क्ष-किरणांचा शोध लागण्यास तेव्हा चार वर्षांचा अवकाश होता. त्यामुळे शल्यचिकित्सकास केवळ स्पर्श व दृष्टी यांवर विसंबावे लागे. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधल्यानंतर अस्थिभंग त्वचेबाहेरून दिसू लागला. १९३९ मध्ये गॅली यांनी पहिले दोन मणके तारेने बांधण्याची पद्धत मांडली. १९५९ मध्ये पेरी व निकेल यांनी कवटीला पिनांनी बसविण्याचे कडे वर्णिले. छातीवरील जॅकेटला जोडलेले हे कडे 'हेलो' या नावाने आजही वापरले जाते.

गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या सीटी यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाचे चित्रण झाले. त्यानंतरच्या दशकांत स्क्रूंच्या साहाय्याने मणके स्थिर करण्याच्या पद्धती वेगाने पुढे आल्या. माजेर्ल यांनी १९७९ मध्ये पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यातून आरपार जाणारा स्क्रू बसविला. याच सुमारास जपानमध्ये नाकानिशी व ऑस्ट्रियात ब्योलर यांनी दंताभ प्रवर्ध समोरून स्क्रूने जोडण्याची पद्धत स्वतंत्रपणे विकसित केली. १९९४ मध्ये जपानच्या अबुमी यांनी मानेच्या खालच्या मणक्यांच्या देठांतून स्क्रू बसविण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले.

या इतिहासात मुंबईलाही स्थान आहे. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयातील मेंदू-शल्यचिकित्सक अतुल गोयल व लाहेरी यांनी १९९४ मध्ये ॲटलासच्या पार्श्वखंडात आणि ॲक्सिसमध्ये स्वतंत्र स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जर्मनीतील हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी दांडी वापरून तिचे सुधारित रूप मांडले. ती आज जगभर गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते. मूळ पद्धत मोठ्या छेदाची होती. पुढे काही निवडक रुग्णांत ती लहान छेदातूनही केली जाऊ लागली.

१९९० च्या दशकात दोन प्रवाह एकत्र आले. एकीकडे स्नायू न कापता ते बाजूला सारणाऱ्या नळ्यांतून पाठीच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. दुसरीकडे मेंदूच्या शस्त्रक्रियेतील संगणकीय दिशादर्शन कण्यासाठी वापरले जाऊ लागले. या दोहोंच्या मिलाफातून प्रस्तुत शस्त्रक्रिया आकारास आली.

प्रतिमांकनाची साधने

सी-आर्म : इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या कमानीवर बसविलेले हे क्ष-किरण यंत्र शस्त्रक्रिया चालू असताना चलत् चित्र दाखविते. मानेसाठी समोरून व बाजूने अशी दोन्ही चित्रे आवश्यक असतात. त्यामुळे शक्य असल्यास दोन यंत्रे एकाच वेळी लावतात. जाडजूड खांद्यांच्या रुग्णांत मानेचे खालचे मणके बाजूच्या चित्रात झाकले जातात, ही त्याची नेहमीची अडचण होय.

त्रिमितीय चित्रण : यंत्र रुग्णाभोवती फिरून शस्त्रक्रियेच्या मेजावरच सीटी स्कॅनसारखी चित्रे घेते. स्क्रू योग्य जागी बसला की नाही, हे जखम शिवण्यापूर्वीच तपासता येते आणि चुकला असल्यास त्याच वेळी बदलता येतो.

संगणकीय दिशादर्शन : रुग्णाच्या डोक्याच्या पकडीस अथवा एखाद्या मणक्यास एक संदर्भ-चौकट बसविली जाते. खोलीतील अवरक्त कॅमेरा ही चौकट व शल्यचिकित्सकाच्या हातातील अवजार या दोहोंची जागा टिपतो. अवजाराचे टोक मणक्याच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, हे संगणक पडद्यावर दाखवितो.

यंत्रमानव : आधी ठरविलेल्या मार्गावर अवजार धरून ठेवणारा यांत्रिक हात काही रुग्णालयांत वापरला जातो. स्क्रूची दिशा तो राखतो. मार्गाची निवड मात्र शल्यचिकित्सकाचीच असते.

प्रमुख शस्त्रक्रिया

दंताभ प्रवर्धाचे समोरून स्क्रूबंधन : प्रतिमांच्या मार्गदर्शनावर सर्वाधिक अवलंबून असलेल्या शस्त्रक्रियांपैकी ही एक होय. रुग्णास उताणे निजवून, मोडलेला प्रवर्ध जागेवर येईल अशा बेताने मान मागे झुकविली जाते. तोंडातून प्रवर्ध दिसावा म्हणून दातांमध्ये क्ष-किरणांना न अडविणारी बुचासारखी वस्तू ठेवतात. छेद मात्र खाली, साधारण पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर घेतात. कारण स्क्रू खालून वर तिरपा जावयाचा असतो. एका बाजूस मानेतील मुख्य रक्तवाहिन्या आणि दुसऱ्या बाजूस श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील नैसर्गिक फटीतून ॲक्सिसच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचतात. तेथून एक बारीक तार प्रवर्धाच्या टोकापर्यंत नेली जाते व तिच्यावरून सुमारे ३.५ ते ४ मिमी जाडीचा पोकळ स्क्रू बसवितात. स्क्रूला केवळ टोकाकडेच आटे असल्याने तो तुटलेला भाग खाली ओढून घट्ट बसवितो. तार नकळत पुढे सरकल्यास ती मेंदूच्या देठापर्यंत पोहोचू शकते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन्ही दिशांची चित्रे पाहिली जातात. या शस्त्रक्रियेत पहिले दोन मणके एकमेकांस जखडले जात नाहीत व मान वळविण्याची क्षमता राखली जाते, हा तिचा मोठा लाभ होय.

हँगमन अस्थिभंगाचे स्क्रूबंधन : मागील बाजूने, त्रिमितीय चित्रांच्या आधारे, भंगाच्या दोन्ही बाजूंना सांधणारे स्क्रू लहान छेदांतून बसविता येतात. व्हर्टिब्रल धमनी अगदी लगत असल्याने येथे दिशादर्शन विशेष उपयुक्त ठरते.

मागील बाजूने पार्श्वखंड अथवा देठ यांतील स्क्रू : मानेच्या मागील स्नायू डोके तोलून धरतात. मोठ्या छेदात ते हाडावरून सोडवावे लागतात व नंतर दीर्घकाळ मान दुखत राहू शकते. नळीतून अथवा त्वचेतील लहान छेदांतून स्क्रू बसविल्यास ही हानी कमी होते. रक्तस्रावही कमी होतो.

समोरून गादी काढून मणके जोडणे ही शस्त्रक्रिया सामान्यतः अल्पछेदी गटात मोजली जात नाही. तरीही ती स्नायू न कापता नैसर्गिक फटीतूनच केली जाते. मेरुरज्जूवर समोरून दाब आला असेल तर बहुधा हाच मार्ग निवडला जातो. मानेच्या बाबतीत लहान छेदाचा खरा फायदा मागील बाजूच्या शस्त्रक्रियेत अधिक मिळतो, तो यामुळेच.

रुग्णाची निवड

मानेची प्रत्येक दुखापत या शस्त्रक्रियेस योग्य नसते. अनेक स्थिर अस्थिभंग केवळ पट्ट्याने वा हेलोने बरे होतात. तिसऱ्या ते सातव्या मणक्यांच्या दुखापतीसाठी २००७ मध्ये मांडलेल्या गुणपद्धतीत हाडाची स्थिती, गादी व अस्थिबंध यांची स्थिती आणि मज्जासंस्थेची स्थिती यांस गुण दिले जातात. एकूण गुण ३ वा त्याहून कमी असल्यास शस्त्रक्रियेविना उपचार आणि ५ वा अधिक असल्यास शस्त्रक्रिया सुचविली जाते; ४ गुण असल्यास निर्णय वैद्यावर सोपविला जातो.

दंताभ प्रवर्धाच्या स्क्रूसाठी दुसऱ्या प्रकारचा, ताजा आणि पुढून वरून मागे खाली उतरणारा भंग अनुकूल असतो. भंग उलट्या दिशेने तिरपा असल्यास स्क्रू घट्ट करताना तुकडा सरकतो. आडवा अस्थिबंध तुटला असल्यास, भंग जुना होऊन न सांधला गेल्यास, हाडे फार ठिसूळ असल्यास अथवा आखूड मान व फुगीर छाती यांमुळे स्क्रूची दिशा साधत नसल्यास मागील बाजूने मणके जोडणे श्रेयस्कर ठरते.

मेरुरज्जू चेपला गेला असेल तर वेळेस महत्त्व येते. उत्तर अमेरिकेतील सहा केंद्रांत झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी १९.८ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी दोन वा अधिक श्रेणींची सुधारणा आढळली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होते. यास्तव विशिष्ट यंत्रसामग्रीच्या प्रतीक्षेत दाब काढण्यास विलंब करणे योग्य मानले जात नाही. अल्पछेदी साधने हाताशी नसतील तर मोठ्या छेदाची, परंतु वेळेवर झालेली शस्त्रक्रिया रुग्णाच्या अधिक हिताची ठरते.

मर्यादा व धोके

पडद्यावरील प्रतिमा ही रुग्णाची एका विशिष्ट क्षणीची प्रतिमा असते. मान लवचीक असल्याने चित्रण झाल्यानंतर मणका थोडा हलला अथवा संदर्भ-चौकटीस धक्का लागला, तर पडद्यावर सर्व काही योग्य दिसूनही अवजार प्रत्यक्षात दुसरीकडे असू शकते. अस्थिभंग झालेल्या मानेत हा धोका अधिक असतो. कारण तेथे मणके एकमेकांपासून सुटे झालेले असतात. म्हणून दिसणाऱ्या हाडाच्या एखाद्या ओळखीच्या बिंदूवर अवजार टेकवून प्रतिमा व प्रत्यक्ष यांचा मेळ वारंवार पडताळला जातो. दिशादर्शनामुळे स्क्रू अचूक बसण्याचे प्रमाण वाढते. तथापि केवळ त्यामुळे मज्जासंस्थेची सुधारणा अधिक होते, असे सिद्ध झालेले नाही.

व्हर्टिब्रल धमनी, मेरुरज्जू वा मज्जामुळे यांना इजा, मेरुद्रवाची गळती, जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होणे आणि हाड न सांधणे हे या शस्त्रक्रियेचे प्रमुख धोके होत. समोरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आवाज घोगरा होणे अथवा गिळताना त्रास होणे संभवते. वृद्धांत गिळण्याचा त्रास अधिक आढळतो. लहान छेदातून अकस्मात रक्तस्राव झाल्यास तो आवरणे अवघड जाते. अशा वेळी छेद वाढविण्याची तयारी ठेवावी लागते.

क्ष-किरणांचा संसर्ग ही रुग्णापेक्षा शस्त्रक्रिया-गटाची मोठी चिंता होय. कारण त्यांना तो वर्षानुवर्षे होत असतो. शिशाचे अंगरखे, गळ्यावरील संरक्षक पट्टा आणि क्ष-किरण नळीपासून दूर उभे राहणे हे त्यावरील उपाय आहेत. त्रिमितीय चित्रणाच्या वेळी गटास आडोशामागे जाता येते. मात्र रुग्णास मिळणारी मात्रा त्यात विचारात घ्यावी लागते.

भूल देतानाही मान स्थिर ठेवणे आवश्यक असते. श्वासनलिकेत नळी घालताना सहायक डोके हातांनी धरून ठेवतो अथवा दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घातली जाते. शस्त्रक्रिया चालू असताना मेरुरज्जूतील विद्युत्संदेशांवर लक्ष ठेवल्यास धोक्याची सूचना वेळीच मिळू शकते.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी व पुनर्वसन

मज्जासंस्था शाबूत असलेल्या रुग्णास बहुधा लवकर उठविले जाते. मानेचा पट्टा किती काळ वापरावा, हे भंगाचा प्रकार व हाडाची प्रत यांवर ठरते. त्वचेवरील जखम लवकर भरली तरी हाड सांधण्यास साधारणतः तीन महिने वा अधिक काळ लागतो. छेद लहान म्हणून हा अवधी कमी होत नाही. धूम्रपानामुळे हाड सांधण्यात अडथळा येतो.

मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया हा उपचारांचा आरंभ असतो. श्वसनाची काळजी, दाबामुळे होणारे व्रण टाळण्यासाठी ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्राशय व आतडे यांचे व्यवस्थापन, भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि मानसिक आधार यांची गरज दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर असते. महाराष्ट्रात हाजी अली, मुंबई येथील अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. खडकी, पुणे येथील पक्षाघात पुनर्वसन केंद्र हे मेरुरज्जूच्या इजेमुळे अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी कार्य करते. नवी दिल्ली येथील इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरची स्थापना मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया यांनी केली. १९६५ मध्ये एव्हरेस्ट शिखर सर करणाऱ्या अहलुवालिया यांना त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून कण्याला इजा झाली होती.